सातारा ते आटपाडी, भर मे महिन्यात माणदेशातला ऑफरोड

राजस्थानला जायला सुट्टी मिळत नव्हती आणि वाळूत मोटरसायकल चालवायला तर शिकायचं होतं, म्हणून आम्ही तिघं मे महिन्यात दोन दिवस माणदेशात जाऊन आलो. आता ओळखीतली नवीन पोरं विचारतायत कसं जायचं, काय न्यायचं, म्हणून सविस्तर लिहितोय. माणला हलक्यात घेऊ नका. आपल्या एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास, मे महिन्यात तर मैलभर सावली सापडत नाही.

पहाटे चारला निघायचं ठरलेलं, निघालो सव्वासहाला. पुढचा सगळा त्रास त्या दोन तासांमुळं झाला. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी करत गोंदवल्यात चहा घेतला तेव्हाच नऊ वाजून गेलेले, आणि तिथून डांबरी सोडून माळावरच्या गाडीवाटेनं म्हसवडकडं लागलो तर मुरमाची धग बुटातनं पायाला लागत होती.

त्यात मावसभावाच्या एक्सपल्सचं (हीरोची ऑफरोड मोटरसायकल) पुढचं चाक बसलं. वेड्या बाभळीचा काटा. पुढचं चाक २१ इंची आणि आम्ही स्पेअर ट्यूब नेलेली १८ ची! पॅच मारला, हवा भरली, दहा मिनिटांत परत बसली. कसंबसं म्हसवड गाठलं, तिथल्या पंक्चरवाल्या काकांकडं पण २१ ची ट्यूब नव्हती, पण त्यांनी एक जुनं सुती फडकं घेतलं आणि टायरच्या आतनं हळूहळू फिरवलं, एका जागी फडकं अडकलं, तिथं काट्याचं मोडकं टोक होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. बोटानं चाचपून आम्हाला ते लागलंच नव्हतं. तर पंक्चर काढताना फडकं फिरवल्याशिवाय ट्यूब आत घालू नका, आणि स्पेअर एकच न्यायची असेल तर २१ चीच न्या, अडचणीत ती मागच्या चाकात पण घालून घरापर्यंत येता येतं.

म्हसवडमधनं पुढं निघालो तेव्हा साडेबारा. तिथंच थांबायला पाहिजे होतं. माणगंगेच्या कोरड्या पात्रात वाळूत तिनदा गाडी रुतली, ढकलून ढकलून भावाचं डोकं दुखायला लागलं, मळमळ, आणि एवढ्या उन्हात त्याचा घाम थांबला. घाम थांबला की समजा ऊन लागलं, तिथून पुढं एक मिनिट पण गाडी नाही. काठावरच्या लिंबाखाली झोपवला, जॅकेट काढलं, मानेला आणि काखेत ओलं फडकं, शुद्धीवर होता म्हणून घोट घोट ओआरएस पाजलं. तिथं मेंढरं बसवलेली एक आजी होती, तिनं स्वतःच्या कळशीतलं पाणी दिलं आणि म्हणाली, "लेकरा, ह्या टायमाला आमी मेंढरं बी हलवत न्हाय." त्याला तासाभरात बरं वाटलं. पण घाम थांबला की खरं तर सरळ दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही.

दुसऱ्या दिवशी साडेचारला गाडी चालू, दहाला बंद. तीच वाळू पहाटे गार असताना किती सोपी गेली! दोन्ही टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली, फुटरेस्टवर उभं राहून वजन मागं, थ्रॉटल एकसारखा, पुढच्या ब्रेकला हात नाही. रुतली तर रेस देत बसू नका, क्लच जळतो, उतरा आणि वाळू हातानं बाजूला करा. डांबरीला लागायच्या आधी हवा परत भरायची, म्हणून छोटा पंप पाहिजेच. माणशी दिवसाला सहा लिटर पाणी, त्यातलं निम्मं अंगावरच्या बॅगेत.

राजेवाडी तलावाचं पाणी आटून जी जमीन उघडी पडते तिथं गाडी घालू नका. वरून भेगा पडलेली कडक दिसते, आत गाळ असतो.

आणि वाट सोडून माळावर गाडी फिरवायची नाही, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. टिटवी याच दिवसांत उघड्या मुरमावर अंडी घालते. दिघंचीच्या अलीकडं एक टिटवी गाडीपुढं ओरडत आली म्हणून थांबलो, तर चाकापासून दीड हातावर चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. गाड्या बंद करून ढकलत मागं घेतल्या.

परतीला खरसुंडीवरनं आलो. दुपारी तीननंतर आभाळ भरून आलं तर काळ्या रानातली वाट सोडून डांबरी धरा, वळवाच्या एका सरीत मडगार्डमध्ये चिखल बसून चाक फिरायचं बंद होतं.