पार्सल कुठपर्यंत आले?

पैठणला आमचे पैठणी साड्यांचे छोटे ऑनलाइन दुकान आहे आणि ग्राहकांचा नेहमीचा प्रश्न एकच असतो: "माझे पार्सल कुठपर्यंत आले?" म्हणून आम्ही कुरिअरचे ट्रॅकिंग आमच्या चॅटबॉटला जोडून घेतले.

वेबहुकमुळे, म्हणजे कुरिअरच्या यंत्रणेने आमच्या यंत्रणेला स्वतःहून संदेश पाठवण्याच्या सोयीमुळे, पार्सल स्कॅन झाले की नोंद आपोआप येते. मात्र या नोंदी कधी दोनदा, तर कधी उलट्या क्रमाने येतात, त्यामुळे शेवटी आलेली नोंद नव्हे, तर स्कॅनची वेळ पाहूनच स्थिती ठरवावी लागते. हे उमगण्यापूर्वी लातूरच्या एका ताईंना, साडीची घडी मोडून झाल्यावरही, "पार्सल वाटेत आहे" असे उत्तर गेले होते, आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

स्पीड पोस्टचा क्रमांक १३ चिन्हांचा असतो: दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी 'आयएन'. त्यातील नववा अंक पडताळणीचा असल्याने टाइप करताना झालेली चूक बहुतेक वेळा आधीच पकडता येते.

"पत्ता सापडला नाही" अशी नोंद आल्यावर मात्र चॅटबॉटने परस्पर उत्तर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अशा वेळी आम्ही स्वतः फोन करतो, कारण तांड्यावरचा पत्ता "मारुतीच्या पारासमोर" एवढाच असतो आणि पुढच्या खुणा डिलिव्हरीवाल्या दादांना तोंडीच समजावून सांगाव्या लागतात.