फरशीखालची पोकळी

ऐरोलीतील आमच्या कार्यालयात परदेशांतील जुन्या इमारतींचे लेझर स्कॅन येतात आणि त्यांवरून आम्ही त्रिमितीय मॉडेल व नकाशे तयार करतो. गेल्या पावसाळ्यात इंग्लंडमधील एका खेड्यातील चर्चचे काम आले. तेथील उपासना बंद झाली होती आणि गावकऱ्यांना त्या वास्तूत नाटके, गायन व चित्रप्रदर्शने यांसाठी कलाकेंद्र करायचे होते. गडकरी रंगायतनमध्ये नाटके पाहत मी मोठी झाले. त्या गावालाही रंगमंच मिळावा असे मला मनापासून वाटत होते.

पॉइंट क्लाउडला, म्हणजे लेझरने मोजलेल्या असंख्य बिंदूंच्या संचाला, उंचीनुसार रंग दिले, तेव्हा मुख्य दालनाच्या मागच्या टोकाला माणसाच्या उंचीएवढा एक निळा पट्टा उमटला. तेवढाच भाग आजूबाजूच्या फरशीपेक्षा जवळजवळ 2 सेंटिमीटर खचलेला होता. ठरलेल्या मर्यादेतले असे चढउतार मॉडेलमध्ये सपाट करण्याची आमच्याकडे पद्धत आहे, आणि हा खोलगटपणा त्या मर्यादेत बसत होता.

आमचे ज्येष्ठ ड्राफ्ट्समन वसईचे, ख्रिस्ती कुटुंबातले. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. त्यांनी पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाले, "अगं, ही नुसती फरशी नाही, थडग्याची शिळा आहे. स्कॅनसोबतचे फोटो उघड बघू." फोटोत पावलांनी झिजलेली अक्षरे होती, एका कोपऱ्यात चार-पाचच काय ती शाबूत. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चमध्ये अशा कोरीव शिळांवरून काका लहानपणापासून चालत आलेले. "खाली पोकळी असू शकते," ते म्हणाले.

शंका रास्त होती. इंग्लंडमध्येही प्रतिष्ठितांना चर्चच्या आतच पुरत, पुष्कळदा विटांच्या कमानदार तळघरांत. 1850च्या दशकातील कायद्यांनी ही प्रथा बहुतांशी थांबवली. लेझरला फक्त पृष्ठभाग दिसतो, त्याखालचे काही कळत नाही. नाट्यप्रयोगांसाठी घडी होणारी आसनव्यवस्था ठरली होती. ती उलगडलेली असताना तिचे वजन जमिनीवर पसरते, पण मिटली की सारा भार मोजक्या चाकांवर येतो, आणि ती घडी उभी राहणार होती नेमकी त्या शिळेवर.

हा खोलगटपणा कोणी विचारलेला नाही, तेव्हा नकाशा वेळेत पाठवावा, असे कार्यालयात एक मत होते. मला ते मुळीच पटले नाही. जिथे माणसे पुरली आहेत आणि जिथे उद्या मुले नाटक पाहायला बसणार आहेत, तिथली जमीन आपण सोयीसाठी सरळ करून दाखवणे मला गैर वाटत होते. काकांनी आणि मी तो भाग जसाच्या तसा काढला, शिळेची कड वेगळ्या रेषेने दाखवली आणि भूभेदी रडारने, म्हणजे जमिनीखालचे टिपणाऱ्या यंत्राने, तपासणी करावी अशी लेखी सूचना त्याच संध्याकाळी धाडली.

तपासणीत शिळेखाली विटांची कमान आढळली. तिथल्या वास्तुविशारदांनी घडीची आसने रद्द करून सुट्या खुर्च्या घेतल्या, त्यामुळे शिळा हलवण्याचा आणि त्यासाठी लागणाऱ्या परवानग्यांचा प्रश्नच उरला नाही. जुन्या वास्तूंच्या फरशा सपाट करणे आम्हीही तेव्हापासून बंद केले आहे.