डावीकडे वळायला पाव सेकंद जास्त

मागच्या नोंदीत जुन्या माउसच्या डाव्या बटणाच्या तारा काढून स्ट्रेट कीला, म्हणजे मोर्स पाठवायच्या साध्या दाबायच्या दांडीला, डाग दिला होता. ती जोडणी या पंधरवड्यात कामी आली. एकट्याच डेव्हलपरने केलेल्या पाणबुडीच्या गेमचा डेमो हाती आला. सगळं एका बटणावर आणि मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीत: यू म्हणजे वर, डी खाली, एल डावीकडे, आर उजवीकडे, एफ म्हणजे टॉर्पेडो. आपल्या मोर्सवाल्या जमातीला याहून काय हवं!

पहिल्या रात्री तासभर खेळून मी त्याला लिहिलं, "टायमिंग गंडलंय." त्याचं उत्तर: "कुठलं?" बरोबरच होतं त्याचं. असल्या अभिप्रायाचं तो करणार काय?

मग स्क्रीन रेकॉर्ड केली आणि कागद घेऊन बसलो. पाणबुडी दर वेळी डाव्या बाजूच्या खडकावरच का आपटते, हे कोडं होतं. टिंब म्हणजे डिट (अक्षराच्या शेवटी नसेल तर नुसतं डि), 1 मात्रा; रेघ म्हणजे डा, 3 मात्रा; मधलं अंतर 1 मात्रा. आर म्हणजे डि-डा-डिट, मधली अंतरं धरून 7 मात्रा. एल म्हणजे डि-डा-डि-डिट, 9 मात्रा. मिनिटाला 10 शब्दांच्या वेगाला एक मात्रा 120 मिलिसेकंदांची, म्हणजे डावीकडे वळायला 240 मिलिसेकंद जास्त. वर आर हीच एलची सुरुवात, त्यामुळे अक्षर संपलं हे कळायला गेमला पुढच्या 3 मात्रांची शांतता ऐकावीच लागते. यू आणि डी मात्र एकमेकांचे आरसे, दोन्ही 7 मात्रांचे, म्हणून वर-खाली कधी खटकलं नव्हतं. मी सुचवलं: डावीकडे ए, उजवीकडे एन. डि-डा आणि डा-डिट. दोन्ही 5 मात्रांचे, शिवाय आरसेही. इंग्रजी शब्दाचं आद्याक्षर जातं खरं, पण हाताला ते दहा मिनिटांत बसतं.

दुसरी तक्रार जोरात केली आणि तोंडघशी पडलो. ई दाबला की मधूनच आय उमटायचा. तीन परिच्छेद लिहून पाठवले. नंतर कीचे संपर्कबिंदू पुसले, तर आय गायब! माझीच की दाबताना थरथरत होती आणि गेम एका डिटचे दोन मोजत होता. माफी मागितली. तरी काही मिलिसेकंदांची अशी थरथर गाळून टाक, असं सुचवलंच, कारण घरगुती की लावणारा मी काही शेवटचा नव्हे.

सगळ्यात मोलाची चूक मला नाही, भाचीला सापडली. तिला मोर्स येत नाही. "मामा, मी टिंबच दाबतेय, हा रेघच घेतोय!" गेममध्ये डिट आणि डा यांची सीमा 200 मिलिसेकंदांवर कायमची ठोकलेली निघाली. मिनिटाला 5 शब्दांच्या वेगाला डिटच मुळी 240 चा, म्हणजे तिचा प्रत्येक डिट डा होणार. मला हे जन्मात दिसलं नसतं, कारण मी तितका सावकाश पाठवतच नाही. सीमा खेळाडूच्या डिटच्या दुप्पट ठेव, आणि तो डिट शेवटच्या काही दाबांवरून मोजत राहा, एवढं लिहिलं. सोबत भाचीच्या खेळाचं रेकॉर्डिंग जोडलं. त्याला तेच सगळ्यात आवडलं.

पडद्यावरच्या टिंब-रेघांच्या तक्त्यावरून मात्र आमचं जमलं नाही. माझं म्हणणं, तक्ता बघून शिकलेला माणूस पुढे ऐकताना अडतो, तेव्हा आधी आवाज दे. त्याचं म्हणणं, तक्ता काढला तर नवा माणूस दुसऱ्या मिनिटाला गेम बंद करेल. भाची त्याच्या बाजूने आहे. मी हट्ट सोडलाय, फक्त तक्ता लपवायचं बटण मागितलंय.

नव्या आवृत्तीत ए-एन आलेत, सरकती सीमाही आलीय. ब्लूटूथ हेडफोनवर साइडटोन, म्हणजे की दाबली की आपल्यालाच ऐकू येणारा सूर, बोटाच्या मागे रेंगाळतो, ते अजून मोजायचंय. तोवर वायरवाला हेडफोनच लावा.