बायोमेकॅनिक्सशी माझी झटापट: बल, अंतर आणि उलट्या हातातली काठी

फिजिओथेरपीला येणाऱ्या आमच्यासारख्या बहुतेकांनी अकरावीलाच गणिताला रामराम ठोकलेला असतो. पीसीबी घ्यायचं, नीटच्या मागे लागायचं आणि साइन-कॉस सुखाने विसरायचं. मग बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षी कायनेसिओलॉजी, म्हणजे हालचालींचं शास्त्र, समोर येते आणि पहिल्याच प्रकरणात व्हेक्टर (दिशेसह मोजलेलं बल), टॉर्क (फिरवणारा जोर, म्हणजे बल गुणिले अंतर), मोमेंट आर्म (सांध्यापासून बलाचं ते अंतर). सीनियर मुलींनी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘ते प्रकरण सोड, सांधे पाठ कर, पास होशील.’ पास होता येतंही. पण ते प्रकरण सोडलं, तर पुढची सगळी पानं नुसती पाठांतराची होतात. मी ते सोडलं नाही, याचं श्रेय आमच्या सरांना. ते फळ्यावर आकृती काढायचे, आकडे मांडायचे आणि खडू एखाद्या मुलीच्या हातात देऊन बाजूला उभे राहायचे.

लिव्हरचे, म्हणजे तरफेचे, तीन प्रकार पहिल्या वर्षीच झालेले असतात. मानेवर तोललेलं डोकं पहिल्या प्रकारचं, चवड्यांवर उभं राहणं दुसऱ्या, हातात वाटी धरून कोपर वाकवणं तिसऱ्या. उदाहरणं सगळ्यांना येतात. शरीरात तिसऱ्याच प्रकारची गर्दी का, हे मात्र आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. बायसेप्स कोपरापासून 4 सेंटिमीटरवर चिकटतो आणि वजन 32 सेंटिमीटरवर आहे असं धरा. मग हातातल्या 1 किलोसाठी स्नायूला 8 किलोइतकं ओढावं लागतं. व्यवहार तोट्याचा दिसतो, पण बदल्यात स्नायू जरासा आखडला की हात भरभर लांबचं अंतर कापतो. शरीराने ताकद देऊन वेग विकत घेतला आहे.

मला खरा हिसका दिला तो खुब्याच्या गणिताने. ते इथे पूर्ण मांडते, कारण माझ्या मते हे एक गणित वहीत स्वतःच्या हाताने केलं, की निम्मा विषय हाताशी येतो.

60 किलोचा माणूस घ्या. सोयीसाठी वजन 600 न्यूटन. तो उजव्या पायावर उभा आहे. उजवा पाय खुब्याच्या खाली असल्यामुळे त्याचं वजन त्या खुब्यावर येत नाही. एक पाय म्हणजे शरीराचा साधारण सहावा हिस्सा, म्हणून खुब्यावर उरले 500 न्यूटन. हे वजन खुब्याच्या आतल्या बाजूला सुमारे 10 सेंटिमीटरवरून खाली ओढतं. म्हणजे 50 न्यूटन-मीटरचा टॉर्क पेल्व्हिसला, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याला, डावीकडे पाडायला बघतो. त्याला धरून ठेवणारे ग्लुटिअस मीडिअस हा नितंबाचा स्नायू आणि त्याचे सोबती खुब्याच्या बाहेरच्या बाजूला फक्त 5 सेंटिमीटरवर आहेत. अंतर निम्मं, म्हणून जोर दुप्पट: 1000 न्यूटन. आता सांध्यावरचा भार मोजा. वरून 500, स्नायूची ओढ 1000, एकूण 1500 न्यूटन. नुसतं एका पायावर उभं राहिलं, तर खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार!

पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा मी शून्य जास्त पडला असेल म्हणून पुन्हा मांडलं. शून्य बरोबर होता. भाराचा मोठा वाटा वजनाचा नसून स्नायूचा आहे, हे त्या दिवशी डोक्यात बसलं. आणि ‘वजन कमी करा’ हा सगळ्या ओपीडीत फेकला जाणारा सल्लाही वेगळा दिसायला लागला. 1 किलो उतरलं, की चालताना त्या खुब्यावरून दर पावलाला अडीच किलो उतरतात.

मग काठी. ओपीडीत एक काका यायचे, उजवा खुबा झिजलेला, काठीही उजव्याच हातात. आम्ही ती डाव्या हातात दिली तर म्हणाले, ‘अवो म्याडम, दुखतंय हिकडं आन् काठी तिकडं? कसं व्हायचं?’ प्रश्न रास्त होता. ‘पुस्तकात तसं लिहिलंय’ हे काय उत्तर झालं? मी वहीतल्या गणितात काठी घातली. डाव्या हाताने काठीवर फक्त 6 किलोचा, म्हणजे 60 न्यूटनचा दाब दिला आणि काठी उजव्या खुब्यापासून अर्ध्या मीटरवर टेकली असं धरलं, तर 30 न्यूटन-मीटर काठीनेच उचलले. ग्लुटिअसला उरले 20, म्हणजे 400 न्यूटन. सांध्यावर 500 अधिक 400, वजा काठीने उचललेले 60, एकूण 840. दीडशे किलोचे चौऱ्याऐंशी झाले, तेही 6 किलोच्या दाबाने. काठी दुखऱ्याच बाजूला धरली, तर ती खुब्याच्या जवळ, आणि तीही स्नायूच्याच बाजूला येते. त्या जागेवरून हा टॉर्क तिला पेलताच येत नाही. मग माणूस अख्खं अंग काठीवर झुकवतो.

काकांना मी न्यूटन-मीटर सांगितले नाहीत. दाराचं उदाहरण दिलं: बिजागरीजवळ ढकलून बघा, मग कडेला ढकलून बघा. ते पटलं.

याच आकृतीतून पुढचं आपोआप निघत गेलं. ग्लुटिअस मीडिअस दुबळा असेल, तर एका पायावर उभं राहताच विरुद्ध बाजूचा पेल्व्हिस खाली पडतो. ट्रेन्डेलेनबुर्ग नावाच्या जर्मन सर्जनने हे 1895 मध्ये मांडलं. बरेच रुग्ण मात्र तो पडूच देत नाहीत, धडच दुखऱ्या बाजूला कलंडवतात. का? 10 सेंटिमीटरचे 5 करायला. तेवढ्याने स्नायूचं काम निम्म्यावर येतं आणि सांध्यावर 1500 चे 1000 होतात. लंगडणं म्हणजे शरीराने केलेली काटकसर असते, आणि ती का केली हे समजण्याआधी ‘सरळ चाला’ म्हणून ओरडणारी फिजिओ मला आता बघवत नाही.

गुडघ्याचा स्क्रू-होम, म्हणजे सरळ होताना गुडघ्याला बसणारं कुलूप, मात्र मी सरळ आकृती घोटून संपवला. सरळ होण्याच्या शेवटच्या 30 अंशांत पाय हवेत असेल, तर टिबिया (नडगीचं हाड) बाहेर फिरतो. पाय जमिनीवर रोवलेला असेल, तर फीमर (मांडीचं हाड) आत फिरतो. कुलूप उघडायला गुडघ्यामागचा पॉप्लिटिअस स्नायू. प्रश्न नेहमीचा, गुण हमखास, इथे तत्त्वज्ञान नको.

चालण्याच्या प्रकरणाला वेळ द्यावा लागला. आमच्याकडे मोशन कॅप्चरची लॅब नव्हती. कॉरिडॉर होता, टाल्कम पावडर होती आणि मोबाइलचा स्लो मोशन. तळव्यांना पावडर लावून काळ्या कागदावरून एकमेकींना चालवलं, पट्टीने स्टेप लेंग्थ मोजली, दोन टाचांमधलं आडवं अंतर मोजलं. पुस्तकात स्टान्स (पाऊल जमिनीवर) 60 टक्के आणि स्विंग (पाऊल हवेत) 40 टक्के असतं. व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून मोजलं तर आमचंही त्याच्या आसपास आलं, फक्त एका मैत्रिणीचं येईना. ती कॅमेरा बघून रॅम्पवर असल्यासारखी चालत होती. आपल्याकडे कोणी बघतंय हे कळलं की चाल बदलते, हे तेव्हाच लक्षात ठेवलं. आता मी रुग्णाची चाल तो दारातून आत येतानाच बघून घेते.

याच प्रकरणात ‘डिटरमिनंट्स ऑफ गेट’, म्हणजे चाल ठरवणारे घटक, येतात. साँडर्स, इनमन आणि एबरहार्ट यांनी 1953 मध्ये सहा हालचाली मांडल्या: शरीराचा गुरुत्वमध्य कमी वर-खाली व्हावा आणि ऊर्जा वाचावी म्हणून पेल्व्हिस, गुडघा आणि पाऊल काय काय करतात. मांडणी देखणी आहे, पण पुढच्या मोजमापांत यातल्या काहींचा हातभार फारच किरकोळ निघाला. शिवाय गुरुत्वमध्य मुद्दाम सपाट ठेवून चाललं तर ऊर्जा उलट जास्त लागते. परीक्षेत तरीही सहाच्या सहा विचारतात. मी सहा लिहिले, खाली एका ओळीत ही हरकतही लिहिली. कोणी वाचली की नाही कोण जाणे.

पुस्तकाबाहेरचं सगळ्यात जास्त शिकवलं ते लहानपणी पोलिओ झालेल्या रुग्णांनी. क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू, जवळजवळ नाही, तरी बाई मांडीवर हात दाबत भराभर चालत येतात. हात मांडीला मागे रेटतो, धड किंचित पुढे झुकतं, वजनाची रेषा गुडघ्याच्या अक्षापुढे जाते आणि स्वतःचं वजनच गुडघ्याला कुलूप घालतं. ना स्नायू, ना ब्रेस. वर्षानुवर्षांनी गुडघा मागे वाकतो, ही त्याची किंमत. पण हे त्यांना कोणत्याही वर्गात शिकवलेलं नव्हतं.

आणखी एक तक्रार. नुसतं चालायला गुडघा साधारण 60 अंश वाकला की भागतं. आपली माणसं मात्र मांडी घालतात, उकिडवी बसतात, देवासमोर वाकतात. त्याला याच्या दुपटीहून जास्त लागतं. तक्ता बघून ‘फंक्शनल रेंज (रोजच्या कामापुरती हालचाल) आली’ असं लिहायच्या आधी घरी संडास कोणता आहे, हे विचारा. जयपूर फूट हा कृत्रिम पाय 1968 मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवला तो याच गरजेतून: अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं. हे मला मुख्य धड्यात हवं होतं, तळटीपेत नको.

प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी खुबाच विचारला. काठी उलट्या हातात का, हे सांगून झालं. मग म्हणाल्या, ‘आणि बाजाराची पिशवी?’ हे कुठे वाचलं नव्हतं. पण आकृती काढायला कागद होता. उजवा खुबा दुखरा असेल आणि 5 किलोची पिशवी डाव्या हातात असेल, तर ती 40 सेंटिमीटरवरून आणखी 20 न्यूटन-मीटर वाढवते, स्नायूवर 400 न्यूटन जास्त. तीच उजव्या हातात धरली, तर खुब्याच्या बाहेरून लटकते आणि उलट तोल राखायला मदत करते. म्हणून पिशवी दुखऱ्या बाजूला, काठी दुसऱ्या. मॅडमनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न खांद्यावर टाकला: हात 180 अंश वर जातो, त्यात कोणाचा किती वाटा? ग्लेनोह्युमरल (खांद्याचा मुख्य सांधा) 120, स्कॅप्युला (खांद्याचं पातं) 60. ते पाठच होतं.