दोन कमानींमधले काळसर आकाश

इंद्रधनुष्य दिसले की आपण रंग मोजायला लागतो, आणि त्या नादात त्याच्या आतबाहेरचे आकाश पाहायचे राहून जाते. कमानीच्या आतला भाग बाहेरच्यापेक्षा चांगलाच उजळ असतो, आणि वर दुसरी फिकट कमान उमटली असेल तर दोहोंमधला पट्टा काळवंडलेला दिसतो. इसवी सन २०० च्या सुमारास ॲफ्रोडिसियसच्या अलेक्झांडरने या पट्ट्याचे वर्णन केले आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. मला तरी रंगांपेक्षा हा पट्टाच अधिक विचारात पाडतो, कारण पाऊस तिथेही पडत असतो आणि तिथल्या थेंबांवर ऊनही तेवढेच असते.

सूर्य आपल्या पाठीशी असताना समोरच्या थेंबात शिरणारा किरण आत जाताना वाकतो, मागच्या बाजूवरून परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. थेंबाच्या मधोमध शिरलेला किरण आल्या वाटेने परततो. तो जसजसा काठाकडे शिरेल तसतसा त्या वाटेपासून अधिक तिरपा बाहेर पडतो, पण हा कोन ४२ अंशांच्या आसपास पोचला की उलट कमी होऊ लागतो. झोका जसा टोकाशी रेंगाळतो, तशी या मर्यादेशी किरणांची दाटी होते. रने देकार्तने १६३७ मध्ये एकेका किरणाची वाट आकडेमोडीने काढून ही दाटी दाखवली. ते चिकाटीचे काम रंगांच्या चर्चेत उगाच मागे पडते. तांबड्याची मर्यादा ४२ अंशांची आणि जांभळ्याची ४० ची, म्हणून रंग वेगळे दिसतात. त्याहून आत सगळे एकमेकांवर पडून पांढुरका उजेड होतो.

थेंबात दोनदा परावर्तित झालेले किरण मात्र साधारण ५१ अंशांच्या आत येतच नाहीत. वरची कमान त्यांची, आणि तिच्यातला रंगांचा क्रम उलटा. मधल्या पट्ट्यातल्या थेंबांकडून आपल्या डोळ्यांत या दोन्हींपैकी कोणताच प्रकाश येत नाही. त्यातला एखादा थेंब खाली पडताना, आपल्या डोक्याच्या सावलीच्या दिशेपासून मोजता, ४२ अंशांवर आला की आपल्याला तांबडा दिसतो, मग क्रमाने जांभळा, आणि पुढे आतल्या उजेडात मिसळतो. तो पट्ट्यात असतानाही त्याचा तांबडा प्रकाश निघालेलाच असतो, पण तो आपल्या डोक्यावरून जाऊन बराच मागे उभ्या असलेल्या माणसाच्या कमानीला लागतो.