देव्हाऱ्यातलं तांब्याचं नाणं : ओळख कुठवर आली

नाणं गुहागर तालुक्यातल्या एका घरच्या देव्हाऱ्यातलं. टाकांबरोबर पूजेत राहिलेलं, दर सणाला चिंचेने घासलेलं. घरात ते शिवकालीन म्हणूनच चालत आलंय. दोन्ही बाजू जवळजवळ सपाट झाल्यात, एका बाजूला काही उभे दांडे तेवढे जाणवतात.

इतक्या झिजलेल्या नाण्यावर थेट अक्षरं वाचायला बसू नये. मनात जे असतं तेच डोळ्यांना दिसायला लागतं. आधी वजन, माप आणि घडण, अक्षरं शेवटी.

वजन 8.94 ग्रॅम. व्यास एकीकडून 19.6 आणि दुसरीकडून 21.1 मिमी. जाडी 2.9 ते 3.3 मिमी. काठ हातोड्याने ठोकल्यासारखा, एका ठिकाणी बारीक चीर.

एवढ्यावरच ईस्ट इंडिया कंपनीची यंत्रावर पाडलेली नाणी बाद होतात. मुंबई इलाख्यासाठी इंग्लंडच्या सोहो टांकसाळीत पाडलेला 1804 चा तराजूछाप पैसा 6.47 ग्रॅमचा आणि डबल पैसा 12.95 ग्रॅमचा. 1835 नंतरचा पाव आणाही 6.47 चाच. झिजून वजन वाढत नाही, म्हणून 6.47 वाली गेली. डबल पैसा 8.94 वर यायला जवळपास 31 टक्के धातू जायला हवा, आणि तेवढी झीज झाल्यावर काठाला ही जाडी राहणार नाही. शिवाय ती सगळी यंत्रावर पाडलेली : गोल, एकसारख्या जाडीची.

धातूची खात्री पाण्यात केली. 0.01 ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्यायचा, त्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करायचं आणि नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात अधांतरी सोडायचं. तळाला किंवा कडेला लागू द्यायचं नाही. काट्यावर दिसतं ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. इथे 1.01 आलं. 8.94 भागिले 1.01 म्हणजे 8.85. शुद्ध तांब्याची घनता 8.96, तेव्हा हे तांबंच धरायला हरकत नाही. पितळेची ओतीव नक्कल असती तर आकडा साधारण 8.4 ते 8.7 मध्ये पडला असता. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा खाली येतो, म्हणून आधी साबणाच्या पाण्याचा एक थेंब पाण्यात मिसळावा. बाळाच्या गळ्यात घालायला कुणी कडी डाखली असेल, तर राहिलेल्या डाखामुळेही हिशेब चुकतो. या नाण्याला तसं काही नाही. 0.1 ग्रॅमचा स्वयंपाकघरातला काटा या कामाचा नाही.

आता उरली हाताने ठोकलेली नाणी. जाड, ओबडधोबड तांबं दिसलं की शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, म्हणण्याची घाई होते. पण दाभोळ आदिलशाहीतलं बंदर, चौल निजामशाहीतलं. सुलतानांचे तांब्याचे पैसेही असेच जाड असतात. फरक लिपीत : फारसीत आडव्या लांब ओढी आणि नुक्ते (टिंबं), देवनागरीत एकमेकांशेजारी उभे राहिलेले दांडे. 'राजा' मध्ये तसे तीन दांडे येतात, दोन काने आणि ज चा दांडा. या नाण्यावर मधल्या ओळीत ते तिन्ही आहेत.

शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्र, पति. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मिळतो. अक्षर दिसत नाही म्हणजे ते झिजलंच असं नाही. ते चकतीवर उतरलंच नसेल.

खरा उलगडा मागच्या बाजूने केला. अंधाऱ्या खोलीत, टॉर्च टेबलाच्या जवळपास पातळीला ठेवून, दहा-पंधरा अंशांवरून उजेड टाकला. डावीकडून टाकला तेव्हा फक्त प चा दांडा आणि एक तुटका त्र. नाणं जागेवरच ठेवून टॉर्च त्याच पातळीवर नाण्याच्या वरच्या कडेकडे नेली आणि मधोमध दोन समांतर आडव्या रेघा उठल्या. रेघेच्या लांबीच्या दिशेनेच उजेड आला तर तिची सावली पडत नाही, म्हणून त्या आधी लपल्या होत्या. चारही बाजूंनी उजेड टाकून एकेक फोटो घ्यावा, कॅमेरा आणि नाणं मुळीच न हलवता. एका फोटोवरून कुणी ठाम नाव सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

छत्र आणि पति यांच्यामध्ये दोन दांड्या, म्हणजे दुदांडी शिवराई. ही उत्तर पेशवाईतली. पेशवाई संपल्यावरही काही वर्षं ती पाडली जात होती. 1674 च्या राज्याभिषेकानंतरच्या शिवराया साधारण 11 ते 13 ग्रॅमच्या. 8.94 त्याहून बरंच कमी, म्हणजे वजनही शिवकालाशी जुळत नाही. घरच्यांना हे सांगताना जड जातं, पण शिवकालीन नाही म्हणून नाण्याचं मोल कमी होत नाही. महाराजांचं नाव शंभराहून जास्त वर्षांनंतरही पैशावर चालत होतं, याचा हा हातात धरता येणारा पुरावा आहे. पति च्या खाली एका खुणेचा अर्धा भाग दिसतोय, बेलाच्या पानासारखा. ती खूण चांगल्या अवस्थेतल्या दुदांड्यांशी ताडून बघायचं काम चालू आहे.

साफसफाईबद्दल कळकळीने सांगतो : चिंच, आमसूल, लिंबू, राख, पितांबरी, सगळं बंद. आम्ल गंज काढतं तसा वरचा काळपट थरही काढतं, आणि झिजलेलं अक्षर दिसतं ते त्या थरातल्या गडद-फिक्या फरकामुळेच. खाचेतलं कुंकू आणि तेल शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये सुटतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतात. खिडक्या उघड्या हव्यात, आणि निरांजन, समई, गॅस आसपास नको. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवून पाणी रोज बदलायचं. मऊ झालेला मळ 10 पट भिंगाखाली बांबूच्या टोकदार काडीने काढायचा. सुई नको, पिनही नको.

किनाऱ्यावर खरा शत्रू क्षार. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर राहू द्यावा. फिकट हिरवी भुकटी मात्र जिवंत गंज : तांब्यातलं क्लोराइड ओलाव्याशी मिळून आम्ल करतं, ते पुन्हा तांबं खातं. पावसात हे झपाट्याने होतं. नाणं हवाबंद डब्यात, पांढऱ्या कागदावर आणि सिलिका जेलसोबत ठेवलंय. आत छोटं आर्द्रतामापक आहे, काटा 40 टक्क्यांखाली हवा. निळी सिलिका गुलाबी झाली की तापवून परत निळी करता येते. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळावीत, त्यांतून सुटणारं आम्लच नाण्यावर हिरवा चिकटा आणतं.

कागदावर भुकटी पडते का ते आठवड्याला बघायचं आणि दिवाळीनंतर पुन्हा वजन करायचं. 8.94 चं 8.96 झालं तर गंज आत चालू आहे असं धरून पाण्याची भिजवण परत सुरू करणार.