कुणाची तोड आधी

रविवार, रात्री उशिरा

आज दिवसभर एकच लेख वाचला. लिन मार्कस, 1983. एमबीए-आयटीला ‘माहिती तंत्रज्ञान आणि संस्थात्मक बदल’ हा पेपर घेतला तेव्हा सगळे म्हणाले, थिअरी आहे, निघून जाईल. निघतोच. कर्ट लेविनच्या नावाची ती ‘वितळवा, बदला, पुन्हा गोठवा’ आकृती काढली की मार्क पडतात.

मार्कसबाईंचं तसं नाही. एका अमेरिकन कंपनीत मुख्यालयाच्या हिशेब खात्यानं सगळे व्यवहार एका डेटाबेसमध्ये आणले. आधी विभागांचे अकाउंटंट खतावण्या स्वतःकडे ठेवत आणि वर फक्त गोषवारा धाडत. आता वरच्यांना नोंद न् नोंद दिसायला लागली. विभागवाले अडून बसले. बाई म्हणतात, खोट निव्वळ माणसांत नाही, निव्वळ सिस्टीममध्येही नाही. सिस्टीमनं अधिकार इकडचा तिकडे केला, ज्यांचा गेला ते अडले.

वाचताना डोळ्यांपुढे आमचाच साखर कारखाना. मी ईडीपीत, म्हणजे कॉम्प्युटर विभागात. गेल्या हंगामापासून ऊसनोंद मोबाइलवर आहे: चिटबॉयनं (गावोगावच्या उसाची नोंद ठेवणारा कारखान्याचा माणूस) प्लॉटवर जायचं, जीपीएसनं हद्द घ्यायची, लागणीची तारीख, उसाची जात (बहुतेक 86032च), क्षेत्र भरायचं. तोडणीचा प्रोग्रॅम त्या तारखांवरून आपोआप लागतो. ट्रेनिंग झालं, वडा-चहा झाला, आणि नंतर रोज तेच: रेंज नाही, बॅटरी उतरली, ॲप अडकलं. मीटिंगमध्ये निष्कर्ष ठरलेला, पोरांना शिकायचंच नाही. हीच पोरं रात्रभर मोबाइलवर रील बघतात!

परवा गटऑफिसात एका जुन्या चिटबॉयची डायरी बघितली. कडेला घामानं काळी पडलेली, नावं पेन्सिलीत, काही नावांपुढे शाईचा ठिपका. ठिपका कशाचा विचारलं, तर हसला आणि तंबाखू मळायला लागला. मग आपणहून एक ठिपका सांगितला: विहीर आटलेली, घरात करता माणूस नाही, म्हणून त्या बाईचा ऊस आधी काढला. बाकीचे ठिपके कुणाचे, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं, उन्हाळा लागला की तोडणी टोळीची खुशालीही (शेतकऱ्याकडून वरून घेतले जाणारे पैसे) वाढते. म्हणजे कुणाचा ऊस कधी तुटणार, हे ज्याच्या हातात, त्याला गावात खुर्ची मिळते. ती खुर्ची ॲपनं काढली. वशिला गेला हे उत्तमच, पण आटलेल्या विहिरीसाठीही आमच्या स्क्रीनवर रकाना नाही. तो ठेवला असता, तर पहिल्या आठवड्यात सगळ्याच विहिरी आटल्या असत्या, हेही खरं.

गाइडना प्रकल्पात प्रश्नावली हवी आहे. फ्रेड डेव्हिसचं 1989चं, लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात याचं मॉडेल: ॲप उपयोगी वाटतं का, सोपं वाटतं का, एक ते पाचमध्ये सांगा. ईडीपीवाला फॉर्म घेऊन आलाय म्हटल्यावर सगळे पाचवर टिक करून मोकळे होतील. मला त्यापेक्षा गटऑफिसात बसून ऐकायचंय. त्याला शेतकी अधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ठिपक्यांतले बरेचसे त्यांच्याच फोनवरून आलेले असणार. अर्ज आत्ताच टाइप केला. विषय: ‘ऊसनोंद ॲपची परिणामकारकता’. ‘अधिकार’ हा शब्द दोनदा आला होता, दोन्हीकडून काढला.